हलता कणा

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. स्फोटाची किरणोत्सर्गी राख दूरवर मासेमारी करणाऱ्या एका जपानी बोटीवर पडली, बोटीवरचे कोळी आजारी पडले, आणि किरणोत्सर्ग माणसाच्या शरीराचं नेमकं काय करतो हा प्रश्न जगभर विचारला जाऊ लागला. १९५५ मध्ये ब्रिटिश सरकारने तो मेडिकल रिसर्च कौन्सिलकडे सोपवला. हिरोशिमा आणि नागासाकीतून वाचलेल्यांचा अभ्यास तेव्हा चालू होता, पण तिथे कुणाच्या अंगात किती मात्रा गेली हे अंदाजानेच ठरवावं लागे. मात्रा कागदावर लिहून ठेवलेली आहे, अशी हजारो माणसं हवी होती.

ती ब्रिटनमधल्याच रुग्णालयांच्या दप्तरांत सापडली. कुठल्याही बॉम्बशी त्यांचा संबंध नव्हता. त्यातले बहुतेक तरुण पुरुष होते. त्यांची कंबर आणि पाठ पहाटे लाकडासारखी ताठ व्हायची, आणि त्या आजारावर डॉक्टरांनी त्यांच्या कण्यावर क्ष-किरणांचा मारा केला होता. या आजाराचं नाव अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस; रुग्ण आणि डॉक्टर त्याला नुसतं ‘एएस’ म्हणतात.

महाराष्ट्रात पाठ धरली की पहिला निष्कर्ष ‘मणक्यात गॅप आहे’ किंवा ‘स्लिप डिस्क’ हा असतो. वाढत्या वयात मणके झिजतात, त्याला स्पॉन्डिलोसिस म्हणतात, आणि नावं जवळची असल्यामुळे एएसची त्याच्याशी फार वेळा गल्लत होते. दोन्ही आजारांची तऱ्हा मात्र उलटी आहे. झिजेचं दुखणं कामाने वाढतं आणि पडून राहिल्यावर उतरतं. एएसचं दुखणं पडून राहिल्यावर वाढतं. उत्तररात्री ते माणसाला झोपेतून उठवतं, सकाळी अर्धा-एक तास कंबर वाकू देत नाही, आणि चालायला-फिरायला लागल्यावर हळूहळू सैल पडतं. सुरुवात बहुधा विशी-पंचविशीत होते. कणा जिथे ओटीपोटाच्या हाडांना मिळतो त्या सॅक्रोइलिअक सांध्यांपासून सूज सुरू होते, आणि अस्थिबंध हाडाला जिथे चिकटतात त्या जागा धरत वर सरकते. सूज उतरल्यावर शरीर त्या जागी दुरुस्ती म्हणून नवं हाड घालतं. मणक्यांमध्ये असे पूल बांधले जात राहिले, तर काही वर्षांत कण्याचा एकसंध दांडा होतो. क्ष-किरण चित्रात तो पेरं असलेल्या वेळूसारखा दिसतो, म्हणून डॉक्टर त्याला ‘बांबू स्पाइन’ म्हणतात.

अशा कण्याचं पहिल्यांदा नीट वर्णन केलं ते बर्नार्ड कॉनर या आयरिश तरुणाने. १६९०च्या दशकात फ्रान्समध्ये वैद्यक शिकत असताना त्याच्या हाती एक सांगाडा आला. ओटीपोटाचं हाड, त्रिकास्थी, खालचे १५ मणके आणि त्यांना जोडलेल्या काही बरगड्या, सगळं मिळून एकच अखंड हाड झालं होतं. कॉनरने ही विचित्र वस्तू नोंदवली आणि तिथेच न थांबता त्या हाडांवरून जिवंत माणसाचा विचार केला. या माणसाला वाकता येत नसणार, वळता येत नसणार, बरगड्या हलत नसल्यामुळे श्वासही आखूडच घ्यावा लागत असणार, असं त्याने लिहिलं. १६९५ मध्ये हे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. पोलंडचा राजा यान सोबिएस्की याचा वैद्य म्हणून काम केलेला हा बुद्धिमान माणूस १६९८ मध्ये, तिशीच्या सुरुवातीलाच वारला. छातीचा घेर पूर्ण श्वास घेतल्यावर किती वाढतो हे एएसच्या तपासणीत आजही टेपने मोजतात. त्या मोजमापामागचा तर्क कॉनरच्या निबंधात स्पष्ट दिसतो.

त्यानंतर दीड-दोन शतकं तुरळक नोंदी होत राहिल्या. १८५० मध्ये लंडनचे शल्यविशारद बेंजामिन ब्रॉडी यांनी कणा ताठ झालेल्या ३१ वर्षांच्या एका माणसाबद्दल लिहिलं, आणि त्याचे डोळे अधूनमधून लाल होऊन सुजतात हेही टिपलं. डोळ्याच्या आतली ही सूज, म्हणजे युव्हायटिस, एएसच्या बऱ्याच रुग्णांना होते, आणि वारंवार लाल होणारा डोळा पाहून नेत्रतज्ज्ञच पहिल्यांदा पाठीबद्दल विचारतो, असं आजही घडतं. १८९०च्या दशकात रशियात व्लादिमिर बेख्तेरेव, जर्मनीत आडोल्फ श्ट्रुम्पेल आणि पॅरिसमध्ये पिएर मारी यांनी पाठोपाठ लेख लिहिले आणि हा स्वतंत्र आजार आहे हे मान्य झालं. तिघेही मज्जासंस्थेचे जाणकार होते. त्यांच्याकडे पोचलेले रुग्ण पार वाकून थिजलेले असत. सुरुवातीचा आजार कुणाच्या नजरेला पडतच नव्हता.

तो दिसू लागला क्ष-किरणांमुळे. १९३०च्या दशकात डॉक्टरांच्या ध्यानात आलं की कणा चित्रात अजून चांगला दिसत असतानाच सॅक्रोइलिअक सांध्यांच्या कडा खरवडल्यासारख्या होतात. फ्रान्समधल्या एक्स-ले-बें या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावात काम करणारे झाक फॉरेस्तिए यांनी १९३९ मध्ये हे ठासून मांडलं. हे तेच फॉरेस्तिए, ज्यांनी आमवातावर सुवर्णक्षारांची इंजेक्शनं रूढ केली आणि १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये फ्रान्सच्या रग्बी संघातून रौप्यपदक मिळवलं.

रोग लवकर ओळखता आला, पण त्यावर करायचं काय? त्या काळात कण्याचा मोठा शत्रू क्षय होता, आणि मणक्याच्या क्षयावरचा उपाय म्हणजे महिनोन्‌महिने निश्चल पडून राहणं. सुजलेला कणा स्थिर ठेवावा ही कल्पना डॉक्टरांच्या हाडीमासी इतकी भिनली होती, की एएसच्या रुग्णांनाही प्लास्टरच्या साच्यात निजवलं जाई किंवा कंबरपट्ट्यांत आवळलं जाई. हेतू चांगला होता: थिजायचंच असेल तर कणा निदान सरळ थिजावा. पण ज्या आजाराचा सगळा कल मणके जोडून टाकण्याकडे आहे, त्याला ही निश्चलता हवीच होती. रुग्ण स्वतः सांगत असत की पडून राहिल्याने त्रास वाढतो. ही तक्रार उपचाराची दिशा ठरवायला पुरेशी होती. ती वेळेवर ऐकली गेली नाही, आणि या आजाराच्या इतिहासातली सर्वांत दुःखाची गोष्ट हीच म्हणावी लागेल. वाकून थिजलेल्यांची स्थिती इतकी वाईट असे की समोरच्या माणसाचा चेहराही त्यांना दिसत नसे. १९४५ मध्ये बॉस्टनमध्ये स्मिथ-पीटरसन आणि सहकाऱ्यांनी असा कणा शस्त्रक्रियेने कापून पुन्हा सरळ बसवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात धोका मोठा होता, तरी रुग्ण तयार होत.

क्ष-किरणांचा उपचार याच काळात फोफावला. कण्यावर काही आठवडे क्ष-किरण दिले की वेदना खरोखरच कमी होत, कधी कधी वर्षभरासाठी. दुसरं परिणामकारक औषध नव्हतं, त्यामुळे ब्रिटनमधली ऐंशीहून अधिक केंद्रं हा उपचार देत होती. कर्करोगाच्या रुग्णांप्रमाणेच इथेही प्रत्येक वेळी किती मात्रा दिली, कुठे दिली, हे काटेकोर लिहिलेलं असे.

१९५५ मध्ये विल्यम कोर्ट ब्राउन आणि रिचर्ड डॉल या दोघांनी याच नोंदींवर काम सुरू केलं. डॉल यांनी पाचच वर्षांपूर्वी ब्रॅडफर्ड हिल यांच्यासोबत धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला होता. या दोघांनी १९३५ ते १९५४ या काळात क्ष-किरण घेतलेल्या १३ हजारांहून अधिक एएस रुग्णांचे केस पेपर गोळा केले आणि त्यातले कोण कशाने मेले याचा शोध घेतला. १९५७ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. या रुग्णांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त होतं. पुढच्या पाठपुराव्यात ते जवळजवळ दहापट निघालं. मात्रा जितकी अधिक, तितका धोका अधिक. क्ष-किरणांचा उपचार त्यानंतर झपाट्याने मागे पडला.

किरणोत्सर्गापासून कामगारांना आणि जनतेला जपणारे आजचे नियम ज्या अभ्यासांवर उभे आहेत, त्यात या पाठदुखीच्या रुग्णांचा वाटा मोठा आहे. विकिरण कक्षात काम करणारा तंत्रज्ञ छातीवर मात्रा मोजणारा बिल्ला लावतो, तेव्हा त्या संरक्षणामागे या लोकांचं मरणही असतं. त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. बरं वाटावं एवढ्यासाठी ते आले होते. त्यांची नावं कुठल्या फलकावर नाहीत, म्हणून इथे निदान त्यांचा उल्लेख सविस्तर करायला हवा.

वेदना थांबवायला दुसरं काहीतरी मिळाल्याशिवाय रुग्णाला हलवणं अवघड होतं. ते १९४९च्या सुमारास मिळालं: गायगी या स्विस कंपनीचं फेनिलब्युटाझोन. रात्रीची ठणक या गोळीने खरोखर कमी होई, आणि सकाळी रुग्ण उठून व्यायाम करू शके. रक्तपेशी बनणंच थांबवण्याचा तिचा दुर्मीळ पण जीवघेणा दुष्परिणाम पुढे उघड झाला, आणि १९८४ मध्ये ब्रिटनने तिचा वापर फक्त रुग्णालयांत, फक्त एएससाठी एवढाच ठेवला. दरम्यान १९६०च्या दशकात इंडोमेथॅसिन आलं, आणि त्याच कुळातल्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या आजही उपचाराची पहिली पायरी आहेत. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉस्पिटलमधले फ्रँक डडली हार्ट यांच्यासारखे डॉक्टर १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून रुग्णांना अंथरुणातून बाहेर काढण्याचा आग्रह धरू लागले होते. गोळी वेदना शमवते, ती शमली की व्यायाम करा, हा क्रम हळूहळू रूढ झाला.

या व्यायामाला घर मिळालं ते इंग्लंडमधल्या बाथ गावात. तिथे जमिनीतून ४६ अंश सेल्सिअसचं पाणी वर येतं आणि रोमन काळापासून लोक त्यात अंग शेकत आले आहेत. १७४२ मध्ये तिथे बाहेरगावच्या गरीब रुग्णांसाठी एक रुग्णालय सुरू झालं. गावातल्या लोकांना तिथे प्रवेशच नसे, कारण झऱ्यांचं पाणी त्यांच्या दारातच होतं. बाहेरून येणाऱ्याला आधी काही पैसे अनामत ठेवावे लागत: बरा झाला तर परतीच्या प्रवासाला, न झाला तर दफनाला. हीच संस्था पुढे संधिवाताचं राष्ट्रीय रुग्णालय म्हणून ओळखली गेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे एएसच्या रुग्णांसाठी दोन-तीन आठवड्यांचे निवासी वर्ग चालत. दिवसभर कोमट पाण्यात आणि जमिनीवर व्यायाम, श्वासाचे प्रकार, पालथं झोपण्याची सवय, आणि संध्याकाळी इतर रुग्णांशी गप्पा. त्या गप्पा फार मोलाच्या होत्या. वर्षानुवर्षं ‘आळशी’ किंवा ‘नाटकी’ ठरवल्या गेलेल्या माणसाला स्वतःसारखी वीस माणसं एकाच खोलीत भेटत. पुढे चाचण्यांतूनही दिसलं की घरी एकट्याने करण्यापेक्षा देखरेखीखाली गटाने केलेल्या व्यायामाचा फायदा जास्त होतो.

आंद्रेई कॅलिन हे संधिवाततज्ज्ञ पुढे इथेच काम करू लागले. त्याआधी, १९७७ मध्ये, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पाठदुखीच्या गर्दीतून एएस ओळखायला पाच साधे प्रश्न दिले: दुखणं चाळिशीच्या आत सुरू झालं का? हळूहळू सुरू झालं का? तीन महिन्यांहून जास्त काळ आहे का? सकाळी ताठरपणा असतो का? व्यायामाने बरं वाटतं का? यातल्या चार प्रश्नांना ‘हो’ उत्तर आलं तर पुढची तपासणी करावी. रुग्ण वर्षानुवर्षं जे सांगत आले होते, ते अखेर निदानाच्या कसोटीत जाऊन बसलं. १९९०च्या दशकात बाथमध्येच तयार झालेल्या प्रश्नावल्या आणि मोजमापं आज पुण्या-मुंबईच्या संधिवात ओपीडीतही वापरली जातात. बाथची ती जुनी इमारत २०१९ मध्ये रिकामी झाली आणि काम गावातल्या मोठ्या रुग्णालयाच्या आवारात गेलं.

ऑस्ट्रियात गास्टाइनच्या खोऱ्यातही अशीच एक परंपरा उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या डोंगरात सोनं शोधायला बोगदा खणला गेला. सोनं पुरेसं मिळालं नाही, पण कामगार म्हणू लागले की बोगद्याच्या दमट उष्ण हवेत त्यांचे सांधे मोकळे होतात. त्या हवेत रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू असतो. युद्धानंतर तिथे उपचारकेंद्र निघालं, आणि रुग्ण छोट्या रेल्वेतून डोंगराच्या पोटात जाऊ लागले, अजूनही जातात. २००१ मध्ये १२० डच रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही गास्टाइनला गेले, काही हॉलंडमधल्याच एका स्पामध्ये, काही घरीच राहिले. दोन्ही ठिकाणी गेलेल्यांना घरच्यांपेक्षा काही महिने टिकणारा फायदा झाला. रेडॉनचा त्यात हात किती आणि रोजच्या व्यायामाचा, विश्रांतीचा किती, हे वेगळं काढणं कठीण आहे. किरणोत्सर्गाची किंमत मोजलेल्या रुग्णांचा इतिहास माहीत असणाऱ्याने व्यायामाच्या बाजूनेच कौल द्यावा.

हा आजार कुणाला होतो याचा सुगावा १९७३ मध्ये लागला. वेस्टमिन्स्टर हॉस्पिटलमध्येच डेरिक ब्रुअर्टन यांच्या गटाने एएसच्या ७५ रुग्णांची पेशी-चाचणी केली. त्यातल्या ७२ जणांत एचएलए-बी२७ हे चिन्ह सापडलं. तुलनेसाठी घेतलेल्या ७५ जणांत ते फक्त तिघांत होतं. लॉस एंजेलिसमध्ये पॉल तेरासाकी यांच्या प्रयोगशाळेने त्याच वर्षी तेच दाखवलं. एखाद्या जनुकीय चिन्हाशी आजाराचा इतका घट्ट संबंध क्वचितच सापडतो. तरीही बी२७ असलेल्या बहुसंख्य लोकांना हा आजार कधीच होत नाही. रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ वाचून घाबरलेल्या कुटुंबाला हे डॉक्टरांनी शांतपणे सांगायला हवं, आणि भावाबहिणींची पाठ दुखत असेल तर त्यांनाही विचारायला हवं.

मुंबईशी या आजाराचा एक अनपेक्षित धागा जुळतो. अमेरिकन संपादक नॉर्मन कझिन्स १९६४ मध्ये ताप आणि सांधेदुखीने आडवे झाले. डॉक्टरांनी एएसचं निदान केलं. त्यांनी रुग्णालय सोडून हॉटेलात खोली घेतली, विनोदी चित्रपट लावले, आणि दहा मिनिटं पोटभर हसल्यावर दोन तास वेदनेविना झोप लागते असं पुढे लिहिलं. त्यांचं पुस्तक १९७९ मध्ये आलं. त्यांना नक्की एएसच होता का, याबद्दल नंतर अनेक तज्ज्ञांनी शंका घेतली आहे, आणि हसण्याने कण्याची सूज उतरते असा पुरावा नाही. पण हे पुस्तक मुंबईतल्या डॉ. मदन कटारिया यांच्या वाचनात आलं, आणि १३ मार्च १९९५ रोजी त्यांनी अंधेरीच्या लोखंडवाला कॉम्प्लेक्समधल्या बागेत पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब भरवला. पहाटे हात वर करून हसणारे आणि सोबत अंग मोकळं करणारे जे गट आज गावोगावच्या बागांत दिसतात, त्यांच्या उगमाशी अशी एक पाठदुखी आहे.

औषधांत मोठी उडी २००० नंतर आली. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी आमवातात टीएनएफ नावाचं सूज भडकवणारं प्रथिन रोखून दाखवलं होतं. तेच एएसवर करून पाहिलं गेलं. २००२ मध्ये जर्मनीत इन्फ्लिक्सिमॅब आणि अमेरिकेत एटानर्सेप्ट यांच्या चाचण्यांचे निकाल आले, आणि गोळ्यांनी न हटलेली सूज कित्येकांत काही आठवड्यांत उतरली. नंतर आयएल-१७ हे दुसरं प्रथिन रोखणारी इंजेक्शनं आली, आणि अलीकडे तोंडाने घेण्याची ‘जेएके इनहिबिटर’ कुळातली औषधंही आली. जोडलं गेलेलं हाड मात्र यातलं एकही औषध सोडवू शकत नाही.

भारतात या औषधांच्या वाटेवर क्षय उभा असतो. टीएनएफ हे प्रथिन शरीरात दबलेल्या क्षयजंतूंभोवतीचा वेढा टिकवून ठेवतं. ते रोखलं की वेढा सुटू शकतो. २००१ मध्येच इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्यांत क्षयाची ७० प्रकरणं नोंदली गेली. म्हणून इथे इंजेक्शन सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची त्वचा किंवा रक्ताची चाचणी होते, आणि दबलेला संसर्ग सापडला तर आधी त्याची औषधं सुरू करतात. दुसरी अडचण पैशांची. २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडसने अ‍ॅडॅलिम्युमॅबची देशी आवृत्ती मूळ औषधापेक्षा खूप कमी किमतीत आणली. तरी महिनोन्‌महिने ती घेणं अनेक घरांना परवडत नाही.

त्याआधीची अडचण ओळखण्याची. १९९६ पासून पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने उजनी जलाशयाकाठच्या भिगवणमध्ये घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. सुमारे १८ टक्के प्रौढांना काही ना काही दुखणं होतं. त्यातलं बहुतेक कष्टाचं आणि झिजेचं. एएसचे मोजके रुग्ण अशा गर्दीत सहज हरवतात. स्त्रिया तर आणखीच. हा पुरुषांचा आजार अशी जुनी समजूत होती, कारण निदान क्ष-किरण चित्रावर चाले आणि स्त्रियांत हाडांचे पूल सावकाश बांधले जातात. एमआरआयमध्ये नुसती सूजही दिसू लागली, २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय निकषांत तिला जागा मिळाली, तेव्हा स्त्री रुग्णांची संख्या किती कमी धरली गेली होती ते कळलं. बाळंतपणानंतरची कंबरदुखी म्हणून सोडून दिलेल्या कितीतरी जणींना वयाच्या पस्तिशीत निदान मिळतं.

निदान झालेल्या रुग्णाला आज डॉक्टर धूम्रपान सोडायला सांगतात, कारण त्याने कणा लवकर जोडला जातो. पातळ उशी, शक्यतो घट्ट गादी, रोजचा व्यायाम, पोहता येत असेल तर पोहणं. कणा बराच जोडला गेलेला असेल तर जोराचे झटके आणि मान मोडणारी मालिश टाळायची, कारण असा कणा सहज मोडतो. दर भेटीला रुग्ण भिंतीला टाचा आणि पाठ लावून उभा राहतो आणि कानापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजलं जातं. ते गेल्या खेपेपेक्षा वाढलं असेल, तर आधी व्यायाम सुटला आहे का हे विचारलं जातं, आणि मगच औषध बदलण्याचा विचार होतो.